माझ्या पट्टीत लावलेली गिटार

अहो, तुमची गिटार उतरली. तुम्ही जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत, आणि तिच्या तारा एकेक करून ढिल्या पडल्यात. लातूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पत्र्याखाली माणूस टिकत नाही तिथं तारेचं काय. खुंटीला अडकवलेली असते, येता-जाता पदर लागला की वाजते आणि मला कळतं, खालची तार पार बसली. तुम्हाला हे कधीच कळलं नसतं. तुम्ही मांडीवर घेऊन वाजवत असायचात तेव्हाही कळायचं नाही. मी आतून ओरडायचे, "उतरलीय!" मग तुम्ही फोनवरचं सूर मोजायचं मीटर बघायचात आणि म्हणायचात, "खरंच की, तांबडं दाखवायलंय."

विहारातल्या महिला मंडळानं सांगितलंय, नानांवर दोन शब्द लिहून द्या, पौर्णिमेला वाचून दाखवू. जन्म लिहा, शिक्षण लिहा, वीज कंपनीत लाइनमन म्हणून किती वर्षं काढली ते लिहा. मी म्हटलं, ते सगळं ऑफिसात लिहिलेलं आहे, हवं त्यानं जाऊन वाचावं. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

भांडण कशावरून, ते ऐकणाऱ्यांनाही कळू दे. माझ्या गळ्यात गाठ झाली होती. नांदेडला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला. आवाजात फरक पडेल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तो पडला. नायगावला माहेरी मी लहानपणापासून गायचे. लग्न होऊन इथं आले तर विहारात मीच पुढं. गयाबाईनं पेटीवर सूर दिला की पहिली ओळ माझी. ऑपरेशननंतर तीच ओळ उचलायला गेले तर घशातून नुसती हवा आली. बायकांची पट्टी वर, माझा आवाज खाली बसलेला. सगळ्यांनी माझ्यासाठी खाली यायचं तर त्यांचा आवाज निघेना. मग मी मागं बसून टाळ्या वाजवायला लागले. पुढं पुढं टाळ्यांनाही जाईना झाले. "घरात लई कामं हायत," असं सांगायचे. कामं कसली डोंबलाची, दोघांचं घर.

आईनं शेतात खुरपता खुरपता जुळवलेलं एक गाणं माझ्याकडं होतं. मुलगी शाळेला निघते त्याचं. "वाट शाळेची लेकी, उन्हाची न्हाई गं" अशी त्याची सुरुवात. ते माझ्याशिवाय कुणी गात नाही, आपली लेक रेखाही नाही. तेसुद्धा बंद झालं. आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला भयंकर राग यायचा. बायको गायची थांबली आणि हा माणूस शांतपणे वरणात भाकरी कुस्करतोय, याला काही वाटतं का नाही, असं मनात यायचं.

मग तुम्ही रिटायर झालात, आणि एक दिवस नांदेडहून रेखाकडून आलात ते खांद्याला लांबडी काळी पिशवी लटकवून. मला वाटलं लेकीनं चटई दिली. पिशवीतून निघाली लाल गिटार. पातळ, आत पोकळी नाही, फळीसारखी.

"हे काय हो?"

"गिटार."

"ही कसली गिटार, हिला पोटच न्हाई!"

"इलेक्ट्रिक हाय."

"जन्मभर इलेक्ट्रिकच केलंत की! आता तरी दुसरं काही करा."

तुम्ही हसलात आणि हातपाय धुवायला गेलात. साठी बुद्धी नाठी ही म्हण तुमच्यासाठीच केलीय, असं मी पुढचे आठ दिवस गल्लीभर सांगत सुटले. तुम्हाला सूर म्हणजे काय ते माहीत नाही. लग्नात मंगल गाथा म्हणताना तुमच्या शेजारचा माणूससुद्धा सुरातून खाली यायचा, एवढी तुमची ख्याती. तुम्ही गिटार शिकणार म्हणजे आनंदच होता सगळा.

बरं, शिकायला सुरुवात कशानं करावी माणसानं? कुणी सा रे ग म नं करील. तुम्ही खड्ड्यानं केलीत. पहिल्याच दिवशी त्या डब्याची, ॲम्प्लिफायरची पिन लावली तर नुसतं घूं घूं, आणि तारेला हात लावला की बोटाला झिणझिण्या. दुसरा असता तर दुकानदाराला फोन करून शिव्या दिल्या असत्या. तुम्ही पहार घेऊन मोरीमागं खणायला लागलात. खड्ड्यात कोळसा घातला, तांब्याची पट्टी गाडली आणि वर माझं लोणच्यासाठी आणलेलं खडे मीठ, सगळंच्या सगळं. मी ओरडत राहिले, तुम्ही ओतत राहिलात. मग पिन लावली तर डबा गप्प. "सुमन, घराला अर्थिंगच धड नव्हती बघ," म्हणालात, "लाइनमनच्या घराला!" लाज आणि आनंद दोन्ही होतं तोंडावर. त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचा तुमचा नेम होता. आता मी ओतते. का ओतते ते विचारू नका.

क्लास औसा रोडला, मोबाइलच्या दुकानावर. शिकवणारा फैजान, तिशीतला. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, पहिले लाकडी गिटार घ्या, साधी. त्याच्यावर बोटं तयार होतात, मग इलेक्ट्रिक. सगळे असंच करतात." तुम्ही म्हणालात, "ट्रॅक्टर शिकायला आलेल्याला आधी बैलगाडी हाकायला लावतो का रे?" फैजान हसून म्हणाला, "तसं काही जरूरी नाही म्हणा. लोक बोलतात म्हणून मीपण बोलतो." घरी येऊन हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत, भाजी वाढताना एकदा आणि हात धुताना एकदा.

संध्याकाळी शाळेतून आलेल्या पोरासारखं रोज काय शिकलात ते सांगायचात. हिच्या तारा पातळ, फळीला लागून, त्यामुळं जोर कमी लागतो, पकड-पान्यानं जाड झालेल्या बोटांना हीच बरी. "आन् मेन म्हणजे हिला बटण हाय. लाकडी गिटार आपल्या मनानं वराडती. हिला सांगता येतं, एवढंच बोल, जास्त न्हाई." एवढं हळू वाजवून तुम्हाला ऐकवायचंय कुणाला, हे मी काही विचारलं नाही. मला वाटलं शेजाऱ्यांच्या भीतीनं म्हणताय.

त्या शेजाऱ्यांची तरी गंमत किती झाली. डब्यावर एक जास्तीचं बटण होतं. फैजाननं बजावलं होतं, पहिले दोन-तीन महिने त्याला हात लावायचा नाही, साफ आवाजात शिकायचं, त्या बटणाखाली सगळ्या चुका झाकून जातात. तुम्ही ऐकाल तर शपथ. एका दुपारी लावलंत. असा काही घरघराट उठला की समोरचे कदम गुरुजी बनियनवर पळत आले, "नाना, बाहेर या, खांबावरची डीपी वाजायलीय, उडती आता!" आणि तुम्ही गिटार पलंगाखाली सारून, चपला घालून, त्यांच्याबरोबर डीपी बघायला गेलात! खांबाखाली उभं राहून, वर बघून, मान हलवून आलात. "लोड वाढलाय," असंही सांगितलंत त्यांना. मी दारात पोट धरून हसत होते. ऑपरेशननंतर एवढी मी पहिल्यांदाच हसले असेन.

शिकणं मात्र मन लावून केलंत, हे कबूल. रविवारी तीन तास बसायचं आणि आठवडाभर बघायचं नाही, असं सुरुवातीला झालं तेव्हा फैजाननं विचारलं, "काका, आठवड्याच्या गोळ्या एकदम खाता का?" तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर पाव तास. फोनवर टिक टिक लावायची आणि त्या तालात एका तारेवर एकेक बोट, गोगलगायीच्या चालीनं. मग दोन कॉर्ड. म्हणजे तीन-तीन बोटं तीन तारांवर एकदम ठेवायची, आणि ती उचलून दुसरीकडं ठेवायची. ठेवणं जमायचं, उचलून दुसरीकडं नेणं जमायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नको असलेल्या तारा गप्प ठेवणं. लाकडी गिटारीत एखादी तार चुकून हलली तर खपून जातं, हिच्यात डबा ती गावभर सांगतो. म्हणून उजव्या हाताचा तळवा तारांवर अलगद टेकवून ठेवायचा. "लाइनीचं पण असंच हाय," तुम्ही म्हणालात. "चालू तार एक, बंद ठेवायच्या धा."

एकदा क्लासवरून तोंड पाडून आलात. फैजाननं नुसतं ऐकून ओळखलं होतं की घरी लाइट नसताना सराव झालाय. लाइट गेली की डबा बंद, फळीचा आवाज येत नाही, म्हणून तुम्ही ऐकू येण्यासाठी जोरजोरात छेडायचात. तोच हात लाइट आल्यावर चालवला की खणाखणा आपटायचं. त्यानं युक्ती सांगितली, लाइट नसेल तेव्हा गिटारीचं टोक लाकडी कपाटाला टेकवा, कपाट बोलतं. खरंच बोलायचं की हो! आतल्या बांगड्या किणकिणायच्या. मी म्हणायचे, कपाट फुटलं तर दुसरं आणून द्यावं लागेल. आता लाइट गेली की घर फार गप्प असतं.

खरी भानगड पुढंच होती. एक दिवस फैजानचा मला फोन. "काकू, घरी गिटारीला कोण हात लावतं? मी इथून बरोबर लावून देतो, पुढच्या टायमाला काका आणतात तर सगळ्या तारा खाली. इतक्या ढिल्या की फडफडतात. व्हिडिओ लावून शिकायचं म्हटलं तर काहीच जुळत नाही." मी म्हटलं, "बाबा, घरात पोरबाळ कुणी न्हाई. उंदीर लावत असतील." तुम्हाला विचारलं तर तुम्ही मटकीतले खडे निवडायला बसलात. आयुष्यात कधी मटकी निवडली नव्हती, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. हे असं वर-खाली महिनाभर चाललं. तो तिकडं चढवायचा, तुम्ही इकडं उतरवायचात. शेवटी तार तटकन तुटली आणि तुमच्या मनगटाला लागली. मग नवा सेट घेऊन फैजान स्वतः घरी आला.

"काका, खरं सांगा. रागवत नाही."

तुम्ही पंख्याकडं बघितलंत. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. मग तुम्ही म्हणालात, "हे बघ, तबला गाणाऱ्याच्या सुराला लावतेत. पेटीवाला गाणाऱ्याची पट्टी धरतो. मग गिटार काय आभाळातून पडली का? घरात गाणारं माणूस हाय. तिच्या पट्टीत लावली."

"कोण गाणारं?" मी दारातूनच म्हटलं. "मी कुठं गातेय?"

"गातीस की."

"कधी?"

"भाकरीचं पीठ मळताना. रोज. तुला ठावं न्हाई."

मला खरंच ठाऊक नव्हतं. गाणं बंद झालंय असंच मी धरून चालले होते. आणि तुम्ही रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी फोन धरून उभे असायचात. व्हिडिओ काढताय म्हणून मी पिठाचा हात उगारायचे तुमच्यावर, तेव्हा तुम्ही फोनवर माझा सूर मोजत होता. "मला कान न्हाई," तुम्ही फैजानला म्हणालात, "पर मीटर वाचता येतं. ती गुणगुणती त्या सुरावर काटा यिऊन थांबतो. तिथं आणून ठिवतो सगळ्या तारा. म्हटलं, एवढ्या खाली तिला कुणी साथ देत न्हाई, तर आपण द्यावी."

मी ट्रे तसाच ठेवला, आत गेले आणि धुतलेली भांडी परत धुवायला काढली. लई रडले. पाण्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल आणि तुम्ही दाखवलं नसेल. बाहेरून फैजानचा आवाज आला, "काका, मग जाड तारांचा सेट टाकू. खालच्या सुराला पातळ तारा टिकत नाहीत. गिटार अशी कुणी लावत नाही, पण चालतंय." त्यानंतर त्यानं तुमच्या तारा परत कधी चढवल्या नाहीत. व्हिडिओ सोडून दिले आणि आईचं गाणं माझ्याकडून ऐकून घेऊन त्याच्यापुरते तीन कॉर्ड काढून दिले. गाणं म्हणजे मी त्याला शब्द नुसते बोलून दाखवले होते, चाल तो विहारात त्या गाण्याला पेटी धरलेल्या गयाबाईकडून घेऊन आला.

आणि इथून आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही म्हणायचात, "म्हण." मी म्हणायचे, "आधी तुम्ही धड वाजवा." "तू म्हटल्याबगर मला कसं कळायचं, धड झालं का न्हाई?" "मला नाही जमायचं." "मग मला तरी कुठं जमतंय?" असं किती दिवस चाललं असेल. शेवटी एका संध्याकाळी, वैतागून, तुमचं तोंड बंद करावं म्हणून मी पहिली ओळ म्हटली. ती मला कुणा तिऱ्हाईत बाईची वाटली. जाड, खरखरीत. पण घशात अडकली नाही. गिटार खाली होती, मीही खाली होते, आणि तुम्ही बटण इतकं बारीक केलं होतंत की माझा आवाज तिच्या वर राहिला. मी थांबून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही बोटांकडं बघत होता. तुम्हाला काही झालंय हे कळलंच नव्हतं.

त्यानंतर रोज. गाणं कुठलं, कुस्तीच. माझी ओळ संपायची आणि तुम्हाला कॉर्ड बदलायचा असायचा. जीभ दातात धरून तुम्ही आधी एक बोट ठेवणार, मग दुसरं, मग तिसरं शोधणार. तेवढ्यात एसटी औशाला जाऊन परत येईल. मी ओरडायचे, "अहो, गाणं थांबत नसतं!" तुम्ही म्हणायचात, "मग तू थांब की. बोटं यायलीत." मी दम धरून थांबायचे. तिसऱ्या कडव्यापर्यंत गेलं की तुम्ही हमखास चुकायचात आणि हट्टानं पहिल्यापासून सुरू करायचात. ते गाणं आपलं शेवटापर्यंत एकदाही गेलं नाही. आई वरून बघत असती तर म्हणाली असती, पोरगी शाळेला पोचतच नाही.

तुम्हाला मला पौर्णिमेला विहारात न्यायचं होतं. मी म्हणायचे, अजून नको, लोक हसतील. कुणाला हसतील, मला का तुम्हाला, यावर वेगळं भांडण. त्या सकाळीही तेच. "ह्या पौर्णिमेला नेतोच." "मी येणार न्हाई." "मग मी एकटाच वाजवतो. लोक इचारतील गाणारी कुठंय, तर सांगतो, घरी भाकरी करायली." स्वतःच्याच बोलण्यावर हसलात, चहा प्यायलात, आणि छातीला हात लावून खाली बसलात. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. दवाखान्यातून येताना मला तुमच्यावर राग येत होता, हे कुणाला सांगू? माझं उत्तर तयार होतं आणि ऐकायला तुम्ही नव्हता.

तुमची बोटं मला अजून दिसतात, जीभ दिसते दातात धरलेली. "छान वाजवलंत" असं मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. छान वाजवतच नव्हता, खोटं कशाला बोलू. पण माणूस एवढ्या खाली मला शोधायला आला, हे मला पोचलं होतं हो. ते तुम्हाला सांगायचं राहिलं. आज सांगतेय.

तुमच्या पुण्यानुमोदनाला दारात मंडप टाकला. त्रिशरण, पंचशील झालं, तुमच्या लाइनमन लोकांनी माइक लावून दिला, भाषणं झाली. मंडळाच्या बायका त्यांच्या पट्टीत गायल्या, मी खाली बघत बसले. तेवढ्यात फैजान उठला. "काकांचं एक राहिलंय," म्हणाला आणि आतून गिटार घेऊन आला. खुंट्या पिळायला लागला तेव्हा माझा जीव वर आला. "फैजान, चढवू नको," मी भर मंडपात म्हटलं. "नाही काकू," तो म्हणाला, "खालीच लावतोय."

गाणार असं मी ठरवलं नव्हतं. त्यानं पहिला कॉर्ड वाजवला, अलगद, स्वच्छ, आणि मी ओळ म्हटली. माइकवर तो जाड आवाज गल्लीभर गेला. ओळ संपली आणि मी थांबले. फैजान थांबला नाही. त्याची बोटं क्षणात दुसऱ्या कॉर्डवर गेली होती आणि तो पुढं निघून गेला होता. मी तशीच, दम धरून, तोंड उघडं. मागून कुणी तरी हळूच म्हणालं, "इसरली बिचारी." गयाबाई शब्द सांगायला पुढं सरकली. मला शब्द येत होते. मी तुमच्या तिसऱ्या बोटाची वाट बघत होते.

फैजाननं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. तो परत मागं आला, ओळ संपली तिथं, आणि हात उचलून बसून राहिला. मी मान हलवली तेव्हा त्यानं वाजवलं. मग प्रत्येक ओळीला तसंच. तिसरं कडवं गेलं, चौथं गेलं, गाणं संपलं. कुणी हसलं नाही. गयाबाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आवाज बदलला गं, पर तूच हायस." मला तेव्हा तुम्ही इतके पाहिजे होता की बस्स. संपलं हो गाणं, आणि तुम्ही नव्हता.

रेखा म्हणते, नांदेडला चल, आणि गिटार कुणा शिकणाऱ्या पोराला देऊन टाकू. मी म्हटलं, शिकणारी घरातच आहे. फैजान बिचारा किती दिवस येऊन माझ्यासाठी थांबत वाजवणार? गेल्या सोमवारपासून जाते क्लासला. तारा चढवायच्या की खालीच ठेवायच्या, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. माझंही तुमच्यासारखंच, एका तारेवर एकेक बोट, टिक टिक लावून. तो म्हणतो, काकू, तुमचा कान तयार आहे, बोटं येतील. मी म्हटलं, घाई नाही.

पण अहो, एक सांगा. त्या जाड तारा बोटांत इतक्या रुततात? पाव तास झाला की डाव्या हाताची चारही टोकं लालबुंद. परवा भाकरी थापायला बसले तर पिठाला हात लावू देईना, तव्यावरची उलटताना डोळ्यांत पाणी आलं. फैजानला म्हटलं, माझंच असं होतंय का? तो म्हणाला, "सगळ्यांचं होतं काकू. काकांची तर फुटायची. पट्टी बांधून यायचे, आणि घरी जायच्या आधी काढून टाकायचे."

वर्षभर रोज सकाळी माझ्यासमोर बसून वाजवलंत. एकदा तरी आई गं म्हणायचं होतंत.